पेटीची किल्ली

आमच्या शाळेतली तक्रारपेटी पत्र्याची होती, निळ्या रंगाची, बुटांच्या खोक्याएवढी. मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर थोर पुरुषांच्या तसबिरींच्या ओळीत ती अशा उंचीवर ठोकली होती की पाचवीतल्या मुलाने टाचा उंचावल्या तरी त्याचा हात फटीपर्यंत पोहोचू नये. २०१७ साली राज्य शासनाने शाळाशाळांत तक्रारपेट्या बसवण्याचे परिपत्रक काढले, त्यानंतर ती आली. तिचा फोटो काढून वरच्या कार्यालयात पाठवला गेला, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात गेली आणि पुढे वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. पुढच्या जूनमध्ये कामांचे वाटप झाले. सहल, पोषण आहार, स्नेहसंमेलन ही कामे ज्याची त्याला गेली आणि उरलेली पेटी माझ्या वाट्याला आली. “बाई, तुम्ही मराठीच्या. तुम्हाला मुलांचं अक्षर लागतं,” एवढेच कारण सरांनी दिले. हे कारणच पुढे अंगाशी आले.

पुण्याच्या मध्यवस्तीतली ही मराठी माध्यमाची शाळा. पेठांमधली मुले इंग्रजी माध्यमाकडे वळल्यापासून आमच्याकडे येणारी बहुतेक मुले पर्वती पायथा, जनता वसाहत, दांडेकर पूल या बाजूची असत. कोणाची आई चार घरची धुणीभांडी करून मुलाचा डबा भरणारी, कोणाचे वडील रिक्षा चालवणारे, कोणाचे मार्केट यार्डात हमाली करणारे, कोणाचे घरी नसलेलेच. ही मुले बोलत नाहीत असे शिक्षकांच्या खोलीत सर्रास म्हटले जाई आणि मीही ते म्हणत असे. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा तिच्यातून अकरा चिठ्ठ्या, चॉकलेटचे दोन कागद आणि शिसपेन्सिलीचा एक तुकडा निघाला. फळ्यावर उन्हाची तिरीप येते, काही दिसत नाही. शेवटच्या बाकावरचा पंखा फिरत नाही. एका मुलाने लिहिले होते की, वर्गातली दोन मुले त्याला त्याच्या आईच्या कामावरून चिडवतात आणि त्यामुळे त्याला शाळेत यावेसे वाटत नाही. त्याने खाली तारीख घातली होती. ती आठ महिन्यांपूर्वीची होती. मी चौकशी केली तेव्हा कळले की तो मुलगा सातवी संपवून दाखला घेऊन गेला होता.

मुले बोलत होती. किल्ली खणात होती.

त्यानंतर दर शनिवारी शाळा सुटल्यावर मी पेटी उघडू लागले आणि मला वाटू लागले की आता सगळे सुरळीत झाले. पावसाळ्यातला एक शनिवार होता. समोर आठवीच्या निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन, आणि पेटीतून एकच चिठ्ठी निघालेली: ‘मुलिंच्या टॉयलेटच्या दाराला कडी नाहि म्हणुन आम्ही शाळेत पाणि पित नाहि.’ वाचता वाचता माझ्या हाताने आपले काम केले. मुलिंच्या, नाहि, म्हणुन, पाणि, पित, पुन्हा नाहि. एका वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका. सहाही शब्दांखाली मी लाल रेघ ओढली, वर शुद्ध रूप लिहिले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवून वह्यांकडे वळले. एकोणतीस वर्षांची सवय होती. वाक्यात काय म्हटले आहे ते सवयीला दिसत नाही, कसे म्हटले आहे तेवढेच दिसते. थोड्या वेळाने तपासलेल्या वह्या वर्गाच्या कपाटात ठेवायला एक मुलगी आली. गठ्ठा उचलताना तिची नजर त्या चिठ्ठीवर गेली आणि क्षणभर तिथेच राहिली. मग तिने गठ्ठा छातीशी धरला, नेहमीप्रमाणे “येते बाई” म्हटले आणि ती गेली.

अक्षर तिचेच होते. मला ते पाहताक्षणीच ओळखू आले होते, आणि खरी अडचण तीच होती. पेटीत नाव घालायचे नाही असा नियम आम्ही मोठ्या अभिमानाने मुलांना सांगितला होता. पण ज्या बाई आठवड्यातून सहा दिवस तुमच्या वह्या तपासतात त्यांच्यापासून तुमचे अक्षर कसे लपणार? नंतर लक्षात आले की मुलांना हे माझ्या आधीच कळले होते. कोणी डाव्या हाताने लिहीत होते, कोणी दुसऱ्या वर्गातल्या मैत्रिणीकडून लिहून घेत होते. एका चिठ्ठीतली अक्षरे पट्टीने रेघा मारून इतकी सरळ काढली होती की ती एखाद्या नकाशातली वाटावीत. एक साधे वाक्य सुरक्षितपणे सांगता यावे म्हणून त्या मुलांनी घेतलेली ती मेहनत आठवली की मला आजही अवघडल्यासारखे होते.

सोमवारी मी स्वतः मुलींच्या स्वच्छतागृहात गेले. त्या शाळेत इतकी वर्षे काढूनही मी शिक्षिकांचेच वापरत होते. तीन दारे होती. एकाची कडी निखळलेली, दुसऱ्याला कडी होती पण चौकटीचे भोक झिजून मोठे झालेले, तिसरे दार आतून ओढून धरण्यासाठी मुलींनी ओढणीची चिंधी बांधली होती. मैत्रिणीला बाहेर पहाऱ्याला उभे करून आत जायचे आणि मैत्रीण नसेल त्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, अशी ती व्यवस्था होती. दुपारी डोके दुखते म्हणून घरी सोडा असे सांगणाऱ्या मुलींना आम्ही ‘नाटके’ म्हणत होतो. कार्यालयात विचारल्यावर, दुरुस्तीचा प्रस्ताव एकत्रित जाणार आहे असे उत्तर मिळाले. संध्याकाळी मी बोहरी आळीत जाऊन तीन कड्या आणल्या. शिपाई मामांनी त्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत बसवल्या. त्या बसवायला अर्धा तासही लागला नाही.

कड्या बसल्या, पण पेटी बंद पडली. पुढचे दोन महिने तिच्यातून एकही चिठ्ठी निघाली नाही. तक्रार सुटली असेल म्हणून चिठ्ठ्या नसतील अशी समजूत मी करून घेऊ शकले असते आणि पहिले काही आठवडे मी ती करून घेतलीही. मग एकदा तासाला विषय काढला तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, “शुद्धलेखन येत नाही बाई.” वर्ग हसला. मीही हसले. घरी येताना लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत मला ते हसू घशात अडकल्यासारखे झाले. त्या मुलीने सांगितले असणार, आणि तिने सांगणे योग्यच होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाची माफी मागितली. शिक्षकाने मुलांची माफी मागू नये, त्याने वचक जातो, असे मानणारे लोक आमच्याकडे होते आणि त्यांनी मला तसे सांगितलेही. माझा अनुभव असा की वचक गेला नाही. मुले फक्त जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली, काहीतरी मोजून घ्यावे तशी.

पेटी हातभर खाली आली. चिठ्ठ्या उघडायचे काम मी एकटीने न करता एक शिक्षक, एक पालक आणि नववीतली दोन मुले मिळून करू लागलो. पण खरा फरक पडला तो पेटीशेजारच्या फळ्यामुळे. त्या फळ्यावर दर सोमवारी मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्यांना उत्तरे लिहायची असे ठरले. पंखा दुरुस्त झाला. उन्हाच्या तिरिपीसाठी पडदा सांगितला आहे, पंधरा तारखेपर्यंत येईल. पिण्याच्या पाण्याची टाकी कधी धुतली याची तारीख यापुढे टाकीवरच लिहिली जाईल. काही उत्तरे नकाराची होती. शनिवारी गणवेशाची सक्ती नको, ही मागणी मान्य झाली नाही. त्याचे कारण फळ्यावर लिहिले: ज्यांच्याकडे दुसरा बरा कपडा नाही त्यांना शनिवार जड जाईल. मला वाटले होते मुले नाराज होतील. त्याऐवजी पुढच्या शनिवारी त्याच विषयावर चार चिठ्ठ्या आल्या, दोन बाजूने आणि दोन विरोधात, आणि विरोधातल्या एका चिठ्ठीत ‘बाईंचे कारण बरोबर आहे’ असे चक्क कबूल केले होते. कारणासह आलेला नकारही मुलाला उत्तर वाटतो. त्याला सहन होत नाही ते काहीच परत न येणे.

फळ्यावरून वादही झाले. ‘पी.टी.चा तास गणिताला देऊ नये’ अशी मागणी सहा जणांनी एकाच आठवड्यात केली, तेव्हा गणिताच्या सरांनी ती स्वतःवरची टीका मानली आणि पेटी म्हणजे मुलांना लाडावण्याचा उद्योग आहे, असे ते बैठकीत म्हणाले. त्यांचेही पूर्ण चुकत नव्हते, दहावीचा निकाल त्यांच्याच डोक्यावर येत होता. शेवटी आठवड्याचे दोन तास मैदानाचे राहिले, तिसरा गणिताला गेला आणि तसे फळ्यावर लिहिले गेले. या तडजोडीवर दोन्ही पक्ष सारखेच नाखूश होते.

एक चिठ्ठी मात्र फळ्यावर जाण्यासारखी नव्हती. तिच्यात काय होते ते मी इथेही लिहिणार नाही. ती लिहिणारे मूल मला भेटले तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, “तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?” आणि माझ्या तोंडावर ‘नाही’ आलेच होते. ते वचन द्यायचे नसते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे, आणि कायदा नसता तरी जे वचन पाळता येणार नाही ते देऊन मुलाचा दुसऱ्यांदा विश्वासघात करण्याचा अधिकार कोणाला नाही. मी एवढेच म्हणू शकले की, ज्यांना सांगितल्याशिवाय तुला मदत होणार नाही अशा मोजक्या लोकांना सांगेन आणि कोणाला काय सांगितले ते आधी तुला सांगेन. पुढे १०९८ या बालमदतीच्या क्रमांकापासून जे जे करायचे ते झाले. ते मूल त्या सगळ्यात माझ्यावर दोनदा रागावले. रागावले म्हणजे बोलत होते, असे मी आता समजते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर शासनाने शाळांना तक्रारपेट्यांविषयी पुन्हा आदेश दिले तेव्हा मी निवृत्त झाले होते. बातमी वाचताना माझ्या मनात आले की आदेश पेटीचा निघतो, कानाचा निघत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील लॉरा लंडी यांनी २००७ साली मुलांच्या सहभागाविषयी लिहिताना चार गोष्टी एकत्र मांडल्या: बोलायला जागा, बोलण्याला आवाज, ऐकायला श्रोता आणि त्या बोलण्याचा परिणाम. त्यांच्या मांडणीचा आधार संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतले बारावे कलम आहे. मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला त्याचे वय व समज पाहून योग्य ते महत्त्व दिले पाहिजे, असे ते कलम सांगते. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. आमच्या पेटीत पहिल्या दोन गोष्टी कशाबशा होत्या. तिसरीसाठी लाल पेन खाली ठेवावे लागले आणि चौथी बोहरी आळीत मिळाली.

या गावाला हे नवे असायला नको. फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांच्या आसपासची होती. वर्गात तिच्याविषयी शिकवताना मी नेहमी तिच्या धीटपणाबद्दल बोलत असे. लाल रेघांच्या त्या शनिवारनंतर मला दुसऱ्याच माणसांविषयी कुतूहल वाटू लागले: तिला लिही म्हणणाऱ्यांविषयी, आणि तो मजकूर हातात आल्यावर तो छापायचा असे ठरवणाऱ्या संपादकांविषयी.

निवृत्तीनंतर मी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना मराठी व्याकरण शिकवते. इथे मी ‘बाई’ नाही, ‘मॅडम’ आहे. विद्यार्थी बावीस ते तीस वयाचे, मराठवाड्यातले, विदर्भातले, नगर-सोलापूरकडचे. एका खोलीत पाच जण कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका कॉटचे भाडे भरून, राहायचे, मेसच्या डब्यावर जेवायचे आणि सकाळी सातपासून अभ्यासिकेतल्या आपल्या खुर्चीवर बसायचे. ही पिढी बोलत नाही असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षा २५ तारखेला एकाच दिवशी आली, तेव्हा हीच मुले शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसली आणि आयोगाला परीक्षा पुढे ढकलावी लागली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून गेले, तेव्हा रस्त्यावर अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर बसून काही जण चालू घडामोडी वाचत होते. संघटितपणे, मुद्देसूद, कागदपत्रांसह बोलणे त्यांना उत्तम जमते.

तीच मुले घरून फोन आला की तीन शब्द बोलतात: अभ्यास चालू आहे. तिसऱ्या प्रयत्नात काय झाले, मेसचे पैसे कोणाकडून घेतले, रात्री झोप लागते की नाही, यातले काही त्या फोनवर जात नाही. आयोगासमोर बोलताना शेकडो जण बरोबर असतात आणि मागणी अशी असते की तिची लाज वाटत नाही. बाबांशी बोलताना माणूस एकटा असतो आणि समोर विकलेली गाय असते, मोडलेली ठेव असते, बहिणीचे लांबलेले लग्न असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एक तृतीयांश मानसिक विकार वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी सुरू झालेले असतात आणि त्यांतले बहुतेक ओळखले जात नाहीत. चौदावे वर्ष म्हणजे आमची आठवी-नववी. म्हणजे अभ्यासिकेत माझ्यासमोर बसणाऱ्यांपैकी काहींनी कधीतरी एखाद्या शाळेच्या पेटीत चिठ्ठी टाकलीच असेल, असे मला अधूनमधून वाटून जाते.

पुढे ढकललेली पूर्वपरीक्षा १ डिसेंबर २०२४ ला झाली. उत्तरतालिका आल्यावर नगरकडच्या एका मुलाने आपले गुण मोजले. त्याचा तो चौथा प्रयत्न होता. पुढच्या तासाला तो आला, पण वही उघडून नुसता बसून राहिला. तास संपल्यावर जिन्यात म्हणाला, “मॅडम, आठ-दहा दिवस झोपच नाही. सगळं नकोसं झालंय.” माझ्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते. पद नसले तरी जग संपत नाही, माझ्या ओळखीत अमुक आहे, तमुक आहे. ही सगळी वाक्ये म्हणजे लाल पेनच. मी ती गिळली आणि त्याच्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसले. नंतर सरळ विचारले, “जीव द्यावा असं वाटतं का?” असे विचारल्याने नसता विचार डोक्यात जातो हा समज खोटा आहे, हे मी एका प्रशिक्षणात शिकले होते, तरी विचारताना माझे हात गार पडले होते. तो म्हणाला, “वाटतं कधीकधी. रात्री जास्त.” आणि मग तो चाळीस मिनिटे बोलला. मध्ये दोघे-तिघे जिन्यावरून वर गेले, आम्ही पाय बाजूला घेतले, तो पुन्हा बोलू लागला.

त्याच पायरीवरून आम्ही १४४१६ ला फोन लावला. हा शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक, रात्रंदिवस चालणारा, आणि मराठीत बोलता येते. पलीकडच्या बाईंनी त्याला घाई केली नाही. त्या रात्री त्याच्या खोलीतल्या मित्राने त्याच्याजवळ राहायचे ठरले, दोन दिवसांनी डॉक्टरांची वेळ मिळाली. हे सगळे होत गेले, पण त्याला खरी धास्ती होती ती एकाच फोनची. तो त्याने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केला, मला खाली चहाच्या टपरीपाशी थांबायला सांगून. मला त्याच्याच बाजूचे शब्द ऐकू येत होते. “नाही... नाही झालं. ... हां, यंदापण नाही. ... नाही, तसं नाही, तब्येत बरी नाही. ... झोप नाही येत, बाबा.” मग तो बराच वेळ काहीच बोलला नाही. टपरीवाल्याने गॅस बारीक केला, चहा खाली बसला, पुन्हा मोठा केला. तो अजून फोन कानाला लावून उभाच होता.

परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बाबा काय म्हणाले ते मी विचारले नाही. त्यानेच सांगितले, “म्हणाले, कांद्याची लागण सुरू आहे, माणूस मिळत नाही. चार दिवस ये. रानात झोप लागते.”

त्याने चहा संपवला आणि नगरची शेवटची गाडी किती वाजता असते, असे मला विचारले.